गाल घासायचं यंत्र

लेकीने ते यंत्र आणलं तेव्हा मला पहिली शंका खोक्यावरून आली. खोकं दिसायला नवं होतं, पण त्याची चिकटपट्टी एकदा काढून पुन्हा लावलेली होती. मी घरी ब्लाउज शिवते. उसवून परत घातलेली शिवण मला लगेच कळते, आणि ही पट्टी तशीच होती. लेक पुण्यात नोकरी करते. शनिवारी केडगावला घरी आली, पिशवीतून ते खोकं काढून माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं आणि म्हणाली, तुझ्या गालांसाठी आणलंय.

माझ्या दोन्ही गालांवर वांग आहेत. लेकीच्या वेळी दिवस असताना आले ते गेलेच नाहीत. हळद, मुलतानी माती, बटाट्याचा रस, मेडिकलवाल्याने सुचवलेल्या ट्यूबा, सगळं करून झालं होतं. पण लेकीने आपण होऊन हा विषय कधी काढला नव्हता. मग आताच का, असं माझ्या मनात आलं. हिचं कुठे जमलंय का, आणि त्यांच्याकडची माणसं बघायला यायच्या आत आईचा चेहरा जरा बरा दिसावा असं हिला वाटतंय का? तसं मी विचारलं नाही. खोकं आधी उघडलं होतंस का, एवढंच विचारलं. तिने कबूल केलं. स्वतःसाठी घेतलं होतं, दोनदा वापरलं आणि तोंडभर पुटकुळ्या आल्या. टाकून द्यायला जीव होईना म्हणून ते माझ्याकडे आलं होतं.

"म्हणजे तुला सोसलं नाही ते मला?"

"माझी त्वचा तेलकट आहे, आई. तुझी कोरडी. तुला चालेल."

तिने त्याचं नाव सांगितलं ते मला दोन-तीनदा म्हणून बघावं लागलं. मायक्रोडर्माब्रेजन. पार्लरमध्ये करतात तेच, फक्त घरच्या घरी. दाढीच्या मशीनएवढं, हातात मावणारं ते यंत्र. टोकाला धातूची गोल चकती आणि तिच्यावर हिऱ्याची बारीक पूड बसवलेली, असं लेकीने इंग्रजी पुस्तिकेतून वाचून सांगितलं. हिरा कसला, मला काही खरं वाटलं नाही. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखी खरखर लागली. बटण दाबलं की चकतीच्या मधल्या भोकातून ते हवा ओढायचं. कातडी किंचित वर खेचली जायची, चकती वरचा मेलेला थर घासायची आणि निघालेला भुगा आतल्या कापसाच्या छोट्या फिल्टरवर जमायचा. कातडी ताणून धरा, एका जागी थांबू नका, आठवड्यातून एकदाच करा, डोळ्यांजवळ नेऊ नका, अशा सूचना होत्या.

लेक परत गेल्यावर मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला फिरवून बघितलं आणि आठवडाभर तिथे काही उठतंय का यावर लक्ष ठेवलं. काही उठलं नाही. मग गालांवर फिरवायला लागले. दर रविवारी दुपारी, हे झोपले की. गाल हाताला गुळगुळीत लागायला लागले, पण वांग जिथल्या तिथे होते. कधी कधी वाटायचं, उलट जास्तच उठून दिसतायत. तरी मी ते करत राहिले. यांना सांगितलं नाही, शेजारणींना सांगितलं नाही. या वयात बाई तोंड घासत बसते म्हणून हसण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. यंत्र एका चेनच्या पाऊचमध्ये घालून कपाटात अस्तराच्या कापडांखाली ठेवलं होतं.

तेवढ्यात आक्का आल्या. आक्का म्हणजे यांची मोठी बहीण. पुणतांब्याला राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला करायचं ठरलं होतं. डॉक्टर सोडतील तोपर्यंत त्या आमच्याकडे राहणार होत्या.

आक्कांना लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण सगळा चेहरा वणांनी भरला. बघायला माणसं यायची आणि नंतर निरोप पाठवायची नाहीत, असं सासूबाई सांगायच्या. लग्न झालं नाही. गावातच अंगणवाडीत नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. एकटीचं घर, पुढे गोदावरी, मागे भावाची थोडी शेती, तीही त्याच बघतात.

माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही. भांडण झालं असतं तर निदान कशावरून ते तरी कळलं असतं. माझ्या लग्नात त्या सबंध वेळ आत भटारखान्यात होत्या. मला दिलेली साडीसुद्धा दुसऱ्या बाईच्या हातून दिली. एकाही फोटोत त्या नाहीत. पुढे इतक्या वर्षांत कधी आल्या तर एक रात्र राहायच्या आणि सकाळच्या एसटीने जायच्या. मी त्यांना पसंत नव्हते, एवढाच अर्थ मी त्यातून काढला होता.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि काळा गॉगल देऊन त्यांना घरी सोडलं. रिक्षात त्या पुणे रोडवरच्या दुकानांच्या पाट्या एकामागून एक वाचत होत्या. घरी आल्यावर पलंगावर आडव्या झाल्या, गॉगल जरा वर केला आणि म्हणाल्या, "पंख्यावर लई धूळ हाय."

संध्याकाळी त्यांना फरशीच्या कडेची काळी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी मी शिवत असलेल्या ब्लाउजची एक टीप वाकडी दिसली, आणि ती खरंच वाकडी होती. माझ्या घरातल्या चुका बघायला यांना नवा डोळा मिळाला, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, तिला आत्ता दिसायला लागलंय, बघू दे की.

बाथरूममध्ये बेसिनवर आमचा आरसा आहे. पट्टी काढून आक्का घरी आल्यापासून त्या आरशावर त्यांचा टॉवेल टाकलेला असायचा. मी काढून खिळ्याला अडकवायची आणि पुन्हा गेले की टॉवेल आरशावरच. मी त्यातही काहीतरी शोधत होते. आमच्या घरातलं काहीच त्यांना जिथल्या तिथे चालत नाही, असं मला वाटलं. मग हळूहळू तो टॉवेल खिळ्याला दिसायला लागला. त्याऐवजी दुपारी मी बाहेरून आले की बाथरूमची कडी आतून लागलेली असायची.

त्यानंतरच्या एका रविवारी मी पाऊच उघडला आणि थांबले. मागच्या वेळी मी नवा फिल्टर घातला होता. तो मळकट करडा झाला होता आणि त्यावर पिठासारखा भुगा होता. चकतीचं झाकणही उलटं बसवलेलं होतं.

पहिला संशय मी यांच्यावर घेतला. एमआयडीसीत यांच्या कंपनीत नुकतीच एक नवी बाई लागली होती आणि तिचं नाव जेवताना दोनदा निघालं होतं. हल्ली दाढी कशाने करता, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ब्लेडने, का, असं यांनी विचारलं. मी जवळ जाऊन उजेडात गाल बघितले. कानाजवळ खुंट राहिले होते आणि बाकी सगळं नेहमीचंच होतं. यंत्राने घासलेला गाल कसा दिसतो ते मला माहीत होतं. हा तो नव्हता.

मग आक्का. पण त्यांनी माझं कपाट का उघडावं? मला एकच कारण सुचलं. यांच्या नात्यातल्या बायकांमध्ये बसून सांगायला काहीतरी मिळावं म्हणून. यंत्र काय आहे ते बघायला चालू केलं असेल, हातावर फिरवलं असेल, आणि आता पुणतांब्यापर्यंत ही बातमी जाईल. मला राग आला, पण पुरावा हवा होता. पाऊचच्या चेनला मी लाल दोऱ्याचा एक धागा ओवून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धागा अस्तराच्या घडीत पडलेला सापडला.

पुढच्या दुपारी मी आक्कांना सांगितलं की अस्तर आणायला गावात चालले, वेळ लागेल. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थोडी उभी राहिले आणि परत आले. दार किल्लीने हळूच उघडलं. घरात आवाज नव्हता, फक्त बाथरूममधून बारीक घुं घुं येत होती. क्षणभर वाटलं, त्या कुणाशी तरी दबक्या आवाजात फोनवर बोलतायत. मग आवाज ओळखीचा वाटला. मी दार वाजवलं. घुं घुं थांबली नाही. पुन्हा वाजवलं, हाक मारली, तेव्हा कडी निघाली.

मी बोलायचं ठरवून आले होते, पण त्यांचा चेहरा बघून ते सगळं राहून गेलं. चार दिवस त्यांचे गाल तांबूस दिसत होते ते मी डोळ्याच्या औषधांचं समजले होते. आता दोन्ही गाल लालभडक झाले होते, काही ठिकाणी सोलवटले होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या खाली एक गोल जांभळा डाग उठला होता, रक्त साकळल्यासारखा. यंत्र अजून त्यांच्या हातात चालूच होतं. मी ते घेऊन बंद केलं.

"डोळ्याला लागलं का?"

"न्हाई."

"दिसतंय का नीट?"

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "लई दिसतंय."

मी त्यांना गॉगल घातला, डोक्यावरून पदर घेऊन दिला आणि तशीच रिक्षा करून दवाखान्यात नेलं. वाटेत त्या माझ्याकडे न बघता बसल्या होत्या. मला भीती एकच होती, की आत बसवलेली ती नाजूक काच सरकली तर काय करायचं, आणि यांना काय सांगायचं. डॉक्टरांनी त्यांची हनुवटी मशीनवर टेकवून बराच वेळ तपासलं. डोळा सुखरूप होता. मग ते आम्हा दोघींनाही बोलले. ऑपरेशनला अजून महिनाही झाला नाही, आणि डोळ्यापाशी असलं दाबायचं, ओढायचं काही करता, हे घरात कुणी बघत नाही का? मी ऐकून घेतलं. आक्कांनी सांगितलं, हिला ठावं नव्हतं. त्यांनी माझी बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेव्हाही माझ्या मनात आलं की यामागे काय असेल.

घरी येऊन मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. थेंब घातल्यावर डोळे मिटून पडून राहायचं असतं. तशा पडल्या पडल्या त्या बोलायला लागल्या. कितीतरी वर्षं त्यांना धूसरच दिसत होतं. पुणतांब्याच्या घरात आरसा आहे तो मोरीच्या खिडकीत, तळहाताएवढा. वेणी सवयीने घालायच्या, कुंकू अंदाजाने लावायच्या. त्या धूसर आरशात चेहरा एकसारखा दिसायचा, म्हणून त्यांना वाटलं होतं की वयाबरोबर वण भरून आले. पट्टी काढली त्या दिवशी हात धुवायला त्या आमच्या बेसिनपाशी गेल्या, वर बघितलं, आणि सगळे वण जिथल्या तिथे होते. वर सुरकुत्या आल्या होत्या त्या वेगळ्याच. म्हणून तो टॉवेल.

मग एका रविवारी दाराच्या फटीतून त्यांनी मला यंत्र फिरवताना बघितलं. मी भाजीला गेल्यावर पुस्तिका काढली. तिच्यात एका बाईचे दोन फोटो होते, आधीचा खडबडीत आणि नंतरचा नितळ. मराठीत काही लिहिलेलं नव्हतं. फोटो बघून त्यांनी ठरवलं की हे याचसाठी आहे. आणि आठवड्यातून एकदा नव्हे, मी बाहेर गेले की रोज, सगळ्यात जोरात लावून.

"मला मागितलं का नाही?" मी विचारलं.

"तू दिलं नसतंस."

"का नसतं दिलं?"

डोळे मिटलेलेच होते. त्या तशाच म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मला फोटोतनं बाजूला काढलं. तुझी मावशी म्हनली, नवरीच्या शेजारी तुमी नका हुबं राहू, फोटो जन्मभर राहत्यात. मी आत गेले. तवापासून तुमच्याकडनं काय मागितलं न्हाई."

माझा विश्वास बसला नाही. ती मावशी आता नाही. माझ्या बाळंतपणात लेकीला न्हाऊ घालायला तीच दोन महिने येऊन राहिली होती. माझी बाजू कुणी घेतली असेल तर तिनेच. त्या संध्याकाळी भाकऱ्या करताना मी उलटसुलट विचार करत होते. चोरून यंत्र वापरताना सापडल्या, म्हणून आक्कांनी हे आत्ता पुढे केलं असेल का? मेलेल्या माणसावर काहीही टाकता येतं, ते नाकारायला येत नाही. यांना विचारलं तर म्हणाले, मला कधी बोलली नाही. मग माझा संशय आणखीच वाढला.

दोन दिवसांनी मी आक्कांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून बघून सांगितलं की हे खड्डे खोलवर आहेत. हे यंत्र वरचा पातळ थर तेवढा काढतं, कितीही घासलं तरी त्या खोलीपर्यंत जात नाही. दुसरे उपाय आहेत, लेझर वगैरे, पण आधी डोळा पूर्ण बरा होऊ द्या, मग तुम्हाला हवं असेल तर बोलू. सध्या मलम लावायचं आणि उन्हात जायचं नाही. मग बाईंनी माझ्या गालांकडे बघितलं आणि मलाही ते बंद करायला सांगितलं. वांग घासल्याने जात नाहीत, कधी कधी आणखी काळे पडतात. बाहेर पडताना उन्हाचं क्रीम लावा, म्हणाल्या.

परतताना रिक्षात आक्का म्हणाल्या, "तिच्याच पाटीवर त्या यंत्राचं नाव हुतं. मंग आपल्याला का नगं म्हनती?"

दवाखान्याबाहेरची मायक्रोडर्माब्रेजन लिहिलेली ती पाटी मीही वाचली होती आणि माझ्याही मनात तेच घोळत होतं. घरी करू नका म्हणायचं आणि आपल्याकडे बोलवायचं, असं तर नाही? मग मी आठवून बघितलं. त्यांनी आपल्याकडे करून घ्या असं एकदाही म्हटलं नव्हतं. तसं मी आक्कांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, व्हय, म्हनली तर न्हाई. आम्हा दोघींना एकाच वेळी एकाच माणसाचा संशय आला, असं आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्या मनातल्या मनात हसत होत्या. गाल ओढले जाऊन दुखत होते, म्हणून तोंड फारसं हलवत नव्हत्या.

मावशीचं मात्र डोक्यातून जाईना. माझी आई पाथर्डीला भावाकडे असते. वय झालंय, पण स्मरण पक्कं आहे. मी मुद्दाम दुपारी फोन केला, तेव्हा ती एकटी असते. भावाच्या मुलांचं, पाण्याचं, गुडघ्याचं बोलणं झालं. मग विचारलं, की माझ्या लग्नात मावशी माझ्या नणंदेला फोटोवरून काही बोलली होती का?

मला वाटलं होतं ती म्हणेल, छे, असं कोण बोलेल. तिने आधी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुला कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

एवढं मला पुरलं. त्यानंतर आई बरंच बोलली. मावशीची जीभ तशीच होती, तिच्या मनात वाईट नव्हतं, तुझे फोटो चांगले यावेत एवढंच तिला वाटत होतं, त्यांना नंतर आईने स्वतः जेवायला बोलवलं होतं, पण त्या आल्या नाहीत. आता इतक्या वर्षांनी काय उकरायचं. म्हणजे आईला माहीत होतं. इतकी वर्षं मी नणंदेची तक्रार आईकडेच करत होते, आणि ती प्रत्येक वेळी मला म्हणायची, काही माणसं असतात तशी.

फोन ठेवून मी मागच्या पायरीवर गेले. आक्का मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

"आईला विचारलं मी. तुमचं खरं होतं."

त्यांनी हातातली काडी मोडली. "ते मला ठावं हाय. तू इचारलंस कशापायी?"

"मला खरं वाटत नव्हतं."

"आन् आता?"

"आता वाटतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गॉगल काढलेला होता, आणि तो नवा डोळा माझ्या तोंडावरून हळूहळू फिरला. मी हे मनापासून बोलतेय की आईने सांगितलं म्हणून, हे त्या बघत असाव्यात. मला ते कळत होतं, कारण त्यांच्याकडे मी कायम तशीच बघत आले होते. मग त्यांनी मेथीची जुडी अर्धी केली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. आम्ही भाजी निवडली. त्या विषयावर आणखी काही बोलणं झालं नाही, नंतरही झालं नाही.

गालांच्या खपल्या धरल्या आणि गेल्या. डोळ्याखालचा जांभळा डाग हिरवट झाला, मग पिवळा, आणि शेवटी एक तपकिरी छटा राहिली ती बरेच दिवस दिसत होती. वण तसेच राहिले. लेझरचं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, बघू. लेक पुढच्या खेपेला आली तेव्हा यंत्र तिला परत दिलं आणि काय झालं ते सांगितलं. ती आत्यापाशी जाऊन बसली, बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी मध्ये गेले नाही. यंत्राचं तिने पुढे काय केलं ते सांगितलं नाही. ऑफिसातल्या कुणाला तरी दिलं असणार. मुलगा बघितलाय का, असंही मी शेवटी विचारलं. ती नाही म्हणाली. त्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही.

आक्का गावी निघाल्या त्या दिवशी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन थंडीत करायचं होतं. तेव्हा इकडेच या, सगळं होईपर्यंत राहा, असं मी म्हटलं.

"खरंच म्हनतीस का तोंडदेखलं?"

"खरंच."

"बघते," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

थंडीत त्यांचा फोन यांना न येता मला आला. कुठल्या गाडीने येणार, किती वाजता पोहोचणार ते सांगितलं. गाडी उशिरा आली. त्या उतरल्या तेव्हा दोन्ही हातांत पेरूंच्या पिशव्या होत्या आणि एक कापडी बॅग काखेत. बॅग बरीच जड होती. आठ-पंधरा दिवसांचे कपडे तरी असावेत, असा मी अंदाज केला. त्यांनी ती माझ्याकडे दिली, पेरू स्वतःकडे ठेवले, आणि आम्ही केडगावची रिक्षा बघायला लागलो.